«कमी पैशात इमारत म्हणजे साधा ठोकळा» : हे अर्धसत्य आहे

विद्यापीठाची इमारत सरकारी पैशातून बांधायची असेल, तर आर्किटेक्टच्या रचनेवर खर्च करणं ही चैन आहे, वर्गखोल्या ओळीने उभ्या केल्या की झालं, असा एक संदेश सध्या फिरतो आहे. हे बरोबर नाही.

त्यातलं खरं तेवढं आधी मान्य करू. वक्र काचेच्या भिंती, अवाढव्य प्रवेशद्वार यांनी खर्च फुगतो. पण तो चुकीच्या रचनेचा खर्च आहे.

फ्रान्समधल्या नांत शहरातलं सरकारी वास्तुकला महाविद्यालय बघा. आन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल या आर्किटेक्ट जोडीने ते 2009 मध्ये पूर्ण केलं. काँक्रीटचा साधा, दणकट सांगाडा, त्यात हलकं पोलादी काम आणि बाहेरून पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे प्रकाश आत येऊ देणाऱ्या प्लास्टिकचे पत्रे. या काटकसरीतून मागितलेल्या जागेच्या जवळपास दुप्पट जागा मिळाली! ही जास्तीची जागा मुद्दाम मोकळी ठेवली. तिचं काय करायचं ते विद्यार्थी आणि शिक्षक ठरवतात. या दोघा आर्किटेक्टना 2021 मध्ये प्रिट्झकर हा वास्तुकलेतला मानाचा पुरस्कार मिळाला.

बचत खरी होते ती आराखड्याच्या टप्प्यावर: खांबांमधली अंतरं, बाहेरच्या भिंतींची लांबी, वाया जाणारे बोळ, आणि एकच सभागृह चार विभागांनी वाटून घेणं. पाया भरल्यावर यातलं फारसं काही बदलता येत नाही. शिवाय वीज आणि दुरुस्ती यांचा भार पुढची कित्येक वर्षं संस्थेवरच पडतो. निविदेतल्या सर्वांत कमी आकड्यात तो दिसत नाही.