चमकलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही

पेट स्कॅनवरचा लेख आवडला, पण 'जिथे चमकतं तिथे कॅन्सर' हे वाक्य खटकलं. आईच्या लिम्फोमाच्या (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरच्या) वेळी याच समजुतीपायी आमची दोन रात्री झोप उडाली होती. रिपोर्टमधल्या चित्रात मेंदू आणि मूत्राशय लख्ख पेटलेले! डॉक्टर हसले. म्हणाले, मेंदू साखर खातोच, आणि स्कॅनआधी टोचलेलं औषध उरतं ते लघवीवाटे बाहेर पडतं, तिथे दिसणारच.

हे स्कॅन पेशींची साखरेची भूक दाखवतं. इंजेक्शनमधल्या ग्लुकोजसारख्या द्रव्याला किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडलेलं असतं, ते सुमारे 110 मिनिटांत निम्मं होतं. पण क्षयाच्या गाठी, न्यूमोनिया, ऑपरेशनची ताजी जखम यांनाही तीच भूक. म्हणून शंका असेल तिथे बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, लागतेच. उलट प्रोस्टेटचे बरेच कॅन्सर या साखरेला फारसे भुलत नाहीत. त्यांच्यासाठी, त्या पेशींवरचं पीएसएमए नावाचं प्रथिन शोधणारं, पीएसएमए पेट वेगळं असतं.

खरा उपयोग दिसला तो दोन केमो झाल्यावर. सीटीत गाठ अजून होती, आकाराने थोडी कमी, इतकंच. पेटमध्ये मात्र ती विझलेली! त्यावरच पुढचे उपचार ठरले.

लेखात राहून गेलेलं एक: इंजेक्शननंतर तासभर खरंच गप्प पडून राहायचं, कारण वापरलेले स्नायूही साखर ओढतात, बोलण्याचेसुद्धा. आईसाठी सगळ्यात अवघड उपचार हाच होता. आणि मधुमेह असेल तर वेळ घेतानाच सांगा, साखर फार वाढलेली असली तर तपासणी पुढे ढकलतात.