बाळाला विमानात ‘झोपवण्याचा’ हा सल्ला कृपया पुढे पाठवू नका

‘तान्ह्या बाळाला घेऊन परदेशी जाताय? आधी हे वाचा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या कोकणातल्या ग्रुपांवर फिरतोय. खाली ‘ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञांचा सल्ला’ असं लिहिलंय. तज्ज्ञाचं नाव नाही, गाव नाही. आमच्या वाडीत घरटी कुणी ना कुणी दुबईला, मस्कतला नाहीतर कॅनडात, त्यामुळे तो घरोघर पोचला. माझ्या थोरल्या बहिणीकडेही आला आणि मग मात्र मला गप्प बसवेना. तिची मुलगी पाच महिन्यांच्या लेकीला घेऊन टोरांटोला नवऱ्याकडे निघाली आहे. बहिणीने मेसेज वाचून सर्दीच्या औषधाची बाटली आणि घरच्या बागेतलं जायफळ तिच्या बॅगेत भरूनही ठेवलं. ‘एक चमचो दी गो, पॉर गप निजतला!’

मेसेजचा तिसरा मुद्दा हाच आहे. विमान सुटण्याआधी अर्धा तास सर्दीचं औषध एक चमचा, शिवाय जायफळाचे नेहमीपेक्षा दुप्पट वेढे मधातून चाटवायचे, म्हणजे बाळ मुक्कामापर्यंत उठत नाही म्हणे.

ती बाटली मी उजेडात धरून वाचली. आत क्लोरफेनिरामाइन, म्हणजे सर्दीवरचं गुंगी आणणारं औषध, आणि नाक मोकळं करणारं फेनिलएफ्रिन. त्याच्याच खाली बारीक अक्षरांत, चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. ही ओळ कंपनीने हौसेने छापलेली नाही. केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्ये या मिश्रणाच्या बाटल्यांवर ती छापायला लावली. चार वर्षं म्हणजे चार वर्षं, आणि आमची चिमुरडी पाच महिन्यांची आहे. प्रवासात झोप यावी म्हणून दिलं जाणारं दुसरं औषध प्रोमेथाझिन. त्याने श्वास मंदावून लहान मुलं दगावल्याच्या नोंदी आहेत, म्हणून दोन वर्षांखाली ते अजिबात वापरू नये असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४पासून त्यावर लावलेला आहे.

आणि हे कुठे द्यायचं, तर विमानात! उडत्या विमानातली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावी तितकी विरळ असते. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. त्याच्याही वरची हवा. धडधाकट बाळाला ती सोसते, पण श्वास मंद करणारं औषध पाजून नव्हे. काही मुलं तर अशा औषधाने झोपायच्या ऐवजी जास्तच किरकिरी होतात. मग आई काय करणार? आणखी एक चमचा देणार. मला खरी भीती त्या दुसऱ्या चमच्याची वाटते.

जायफळाचं म्हणाल तर गुटीत त्याचा एखादा वेढा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. त्यावरून आज मी भांडत बसणार नाही. पण ‘दुप्पट’ म्हणजे किती? सहाणेवरच्या वेढ्याला माप नसतं, आणि जायफळ जास्त झालं तर विषबाधा होते. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचाच नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात.

मेसेजचा पहिला मुद्दा, ‘विमानात बाळाच्या कानाचे पडदे फाटतात, कापूस घाला.’ कान दुखतात हे खरं, विशेषतः विमान खाली उतरताना. पण तो दाब पडद्यामागचा असतो, बाहेरच्या कापसाने काय होणार? बाळ गिळतं तेव्हा घशाकडून कानाकडे जाणारी नळी उघडते आणि दाब सारखा होतो. म्हणून टेकण्याआधी अर्धा तास, विमान उतरू लागलं की पदराखाली घ्यावं. आता सांगा, गुंगीत पडलेलं पोर दूध ओढेल कसं?

‘शंभर मिलिलीटरच्या वर दूध नेऊ देत नाहीत’ हेही खोटं. प्रवासापुरतं बाळाचं दूध त्या नियमातून वगळलेलं आहे, तपासणीच्या वेळी फक्त वेगळं काढून दाखवा. ‘मशीनमधून जाताना क्ष-किरण लागतात’ म्हणे. क्ष-किरण बॅगांसाठी असतात, माणसं जातात ती धातू शोधणाऱ्या चौकटीतून. आणि ‘आईच्या पासपोर्टवर बाळाचं नाव चालतं’ हे वाचून कुणी मुंबई गाठली तर विमानतळावरून परत यावं लागेल! बाळ आठ दिवसांचं असो की आठ महिन्यांचं, पासपोर्ट त्याचा स्वतःचा लागतो.

पाळणा सगळ्यांना मिळतो असंही त्यात आहे. तो पुढच्या भिंतीजवळच्या मोजक्या जागांपुरताच असतो, त्याला वजनाची मर्यादा असते, आणि तिकीट काढतानाच मागून ठेवावा लागतो. मांडीवरच्या बाळाला आपल्याच पट्ट्यात अडकवा, हा तर भयंकर सल्ला. हिसका बसला की आईचं सगळं वजन बाळावर येतं. बाळासाठी वेगळा जोडपट्टा देत असतील तर तो घ्यावा, नाहीतर कर्मचारी दाखवतील तसं धरावं.

एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करते. अगदी नवजात बाळाला नेण्याची घाई नको. पहिल्या आठवड्यात बहुतेक विमान कंपन्याच घेत नाहीत. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल, छातीचा किंवा हृदयाचा त्रास असेल, कान वाहत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. भाचीने कुडाळला डॉक्टरांकडून लेकीचे कान आणि छाती तपासून घेतली, जायला हरकत नाही म्हणाले. बाटली मी बॅगेतून काढून घेतली आहे. बहीण अजून रुसलेली आहे, पण तिने तो मेसेज ज्या तीन ग्रुपांवर टाकला होता तिथून आज काढून टाकला.