'दवाखाना उघडायची एवढी घाई कशाला?' या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा त्यातलं काही पटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: २०२० च्या या कोरोनाच्या साथीत मी दातांचा दवाखाना उघडायची घाई केली; दातदुखीने कोणी मरत नाही, लोक गोळीवर काढतील दोन महिने. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांत सॅनिटायझरचा टनेल (आत शिरणाऱ्यावर जंतुनाशक फवारणारा बोगदा) नाही, एसी बंद आणि नुसती खिडकी उघडी. वर संरक्षक किटचे (अंगभर सूट, मास्क वगैरे) पैसे पेशंटच्या माथी.

किटचं आधी घेते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी बिलात ४०० रुपये जास्तीचे लावले, तेही आधी न सांगता. चुकलंच. आता अपॉइंटमेंट देताना फोनवरच सांगते. आणि हो, दवाखाना उघडण्यात पैशाचा प्रश्न आहेच. पेशंटच्या खुर्चीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता पुढे ढकलता आला, व्याज नाही.

पण गोळीचं अजिबात पटलं नाही. दाताची नस मेली की आत रक्त पोचत नाही, आणि रक्तच नाही तर अँटिबायोटिक तरी कशातून पोचणार? गोळीने ठणका दबतो, पू तिथेच राहतो. १३ जुलैपासूनच्या लॉकडाउनमध्ये एक गृहस्थ आले, आठवडाभर गोळ्या खाऊन. जबड्याखाली सूज, तोंड दोन बोटंसुद्धा उघडेना, थुंकी गिळताना त्रास. ही सूज खाली उतरली तर श्वास कोंडतो. त्यांना खुर्चीत न बसवता मोठ्या हॉस्पिटलात पाठवावं लागलं, आणि त्या दिवसांत पुण्यात बेड मिळवणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. वेळेवर आले असते तर दाढ काढून अर्ध्या तासात घरी गेले असते.

म्हणून 'उघडलं' म्हणजे सगळं सुरू केलं असं नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या १९ मे २०२०च्या सूचनांत कंटेनमेंट झोनमध्ये (रुग्ण सापडल्याने बंद केलेल्या भागात) दवाखाना बंद, फक्त फोनवर सल्ला, असं होतं. रेड झोनमध्ये, म्हणजे जास्त रुग्णांच्या भागात, तातडीचेच उपचार. दात साफ करणं, पांढरे करणं, कॅप बदलणं सगळं लांबणीवर. याचं कारण आमचं हत्यार. एअरोटर, म्हणजे दात कोरायचं यंत्र, मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो आणि सोबत पाण्याचा फवारा. तो फवारा थुंकीत मिसळून उडतो. मोठे थेंब लगेच खाली बसतात, बारीक मात्र हवेत तरंगत राहतात. दात साफ करायच्या स्केलरचंही तेच. त्यामुळे जमेल तिथे हातानेच कीड खरवडते, रूट कॅनलला रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा) लावते, टाके विरघळणारे घालते म्हणजे ते काढायला पेशंटला परत यावं लागत नाही.

आता खिडकी. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या यंत्रात, चिमटे निर्जंतुक होतात, खोलीतली हवा नाही होत. स्प्लिट एसी तीच हवा फिरवत बसतो. म्हणून एसी बंद, एक्झॉस्ट पंखा सुरू, आणि बोळाकडची खिडकी पावसातसुद्धा उघडी. एका पेशंटनंतर खोली रिकामी ठेवते. सुरुवातीला अर्ध्या अर्ध्या तासाने वेळा दिल्या होत्या, तर पेशंट जिन्यात एकमेकांना भेटून निवांत गप्पा मारायला लागले! आता दीड तासाचं अंतर आहे आणि खाली पाटी आहे: 'लवकर आल्यास रस्त्यावर थांबावे, जिन्यात नाही.' टनेलचं म्हणाल तर माणसांवर जंतुनाशक फवारू नका असं मंत्रालयाने एप्रिलमध्येच सांगितलंय. ताप मोजायची थर्मल गन आहे, पण ताप नसलेलाही बाधित असू शकतो, तेव्हा तिच्यावर माझी फारशी भिस्त नाही.

तुम्ही फक्त पेशंटचा विचार केलात. थुंकी-पाणी ओढणारी सक्शनची नळी धरून माझ्याशेजारी उभी राहणारी माझी मदतनीस दिवसभर त्याच हवेत असते. पेशंट तासाभराने घरी जातो, ती नाही. वेळा कमी केल्या त्या आधी तिच्यासाठी.

राहता राहिली तुम्ही प्रतिक्रियेत विचारलेली तुमच्या वडिलांची कवळी. टोचते तर रात्री काढून पाण्यात ठेवा, कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या, दोन-तीन दिवस मऊ खाणं. लाल झालेल्या जागेचा उजेडात काढलेला फोटो पाठवा. घरी कानशीने घासू नका. आणि कवळी न घालताही जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर फोन करा आणि त्यांना घेऊन या.