डिलनशी भांडत भांडत ऐकणार

आज संध्याकाळी मित्राकडं बसलो होतो. अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनचं 'प्रेशस एंजल' लावलं. मित्राची मुलगी विद्यापीठात शिकते, हुशार पोरगी. तिनं मोबाईलवर शब्द काढले, वाचले आणि सरळ गाणंच बंद केलं. म्हणाली, "काका, गाण्यातल्या बाईनं बुद्धाचं आणि महंमदाचं नाव एका दमात घेतलं, येशूचं घेतलं नाही, म्हणून हा तिला सुनावतोय. आणि तुम्ही ताल धरून बसलाय?"

घरी आलो तरी डोकं तापलेलंच आहे. म्हणून लिहितोय.

ती ओळ तशीच आहे, नाकारत नाही. १९७९ चा 'स्लो ट्रेन कमिंग' हा अल्बम. ज्यू घरात जन्मलेला डिलन तेव्हा नुकताच ख्रिस्ती झाला होता आणि नव्या भक्ताचा सगळा आवेश त्यात उतरलाय. त्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत कार्यक्रम केले तर जुनं एक गाणं म्हणाला नाही, लोक ओरडले तरी. अल्बमच्या शीर्षकगीतात अरब शेखांवर जे लिहिलंय ते तर सरळसरळ हलकं आहे. आपल्या देव न मानणाऱ्यांपैकी कुणी त्याची बाजू घेणार नाही, हे काय सांगायला पाहिजे?

पण मला माझा मामा आठवतो. कोल्हापुरात उद्यमनगरात त्याचं छोटं वर्कशॉप होतं. लाल बावट्याचा माणूस, पक्का नास्तिक. खंडेनवमीला आजूबाजूला सगळे मशीनला हळदकुंकू लावून नारळ फोडायचे. हा रॉकेलनं लेथ पुसायचा, ऑइल द्यायचा, म्हणायचा, "झाली पूजा." त्याच्याकडं हा अल्बम भरून घेतलेली कॅसेट होती, बॉलपेननं नाव लिहिलेली. टेपची बटणं ऑइलनं काळी पडलेली. ती बुद्धाची ओळ आली की लेथवरच्या कामावरची नजर न काढता ओरडायचा, "खोटं बोलतोय ह्यो!" आणि लगेच त्याच काळ्या बोटांनी आवाज वाढवायचा. कारण त्या ओळीला लागूनच मागच्या बायकांचा कोरस येतो. दर वेळी हेच. ओरडायचा, आवाज वाढवायचा.

आता सांगा, मामा चुकत होता?

'डायर स्ट्रेट्स' बँडवाल्या मार्क नॉफ्लरची गिटार ऐका 'प्रेशस एंजल'मध्ये. कुठं घुसत नाही, ओळ संपली की हळूच येऊन बोलून जाते. अमेरिकेतल्या मसल शोल्सच्या स्टुडिओतलं रेकॉर्डिंग, मागं ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं. आणि अल्बमचा एक निर्माता कोण? जेरी वेक्सलर, ज्यू आणि नास्तिक. डिलन त्याला बायबल ऐकवायला लागला, तर त्यानं सांगितलं की माझ्यात काही फरक पडायचा नाही, आपण रेकॉर्ड करूया. हेच आमचा मामा लेथवर उभा राहून सांगायचा, "गाणं ऐकतोय मी, दीक्षा घेत न्हाई."

आपण वेगळं काय करतो? भीमसेन जोशींचा अभंग लागला की आपल्या सगळ्या देव न मानणाऱ्या दोस्तांचे डोळे भरतात. शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाँ खाँसाहेब गायचे, तेव्हा बंदिशीत कुणाचा देव आहे हे बघून या गावानं कान बंद केले नाहीत.

हे मी मित्राच्या त्या पोरीला बोललो. ती म्हणाली, "अभंग दुसऱ्याच्या बुद्धाला नावं ठेवत नाहीत." बरं, हा मुद्दा तिचा बरोबर आहे. तिच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. ज्या जिल्ह्यात १९२० ला बाबासाहेबांची आणि शाहू महाराजांची माणगावची परिषद झाली, तिथल्या पोरीला ती ओळ टोचणारच. मला टोचते तशी नाही, जास्त. लिहिता लिहिता राग उतरला तो यामुळंच. तिनं शब्द वाचले तरी. आमच्यातले निम्मे जण तीस वर्षं नुसती मान हलवतायत.

खरा राग आहे तो तिथं बसलेल्या दुसऱ्या एका दोस्तावर. म्हणे, "सोड की, रॉकमध्ये शब्दांकडं कोण बघतंय!" काय राव! २०१६ ला याच माणसाला साहित्याचं नोबेल मिळालं, ते शब्दांसाठीच ना? मग त्याचे आवडते शब्द तेवढे कविता आणि नावडते नुसता आवाज, असं कसं चालेल? मामा तसं कधीच म्हणाला नाही. प्रत्येक शब्द त्याला लागायचा, म्हणून तर ओरडायचा.

माझं म्हणणं एवढंच आहे. मला गाणं बंद करायला सांगू नका आणि बहिरं व्हायलाही सांगू नका. मी दोन्ही कानांनी ऐकणार, जिथं चुकतोय तिथं त्याच्याशी भांडणार.

पोरी, हे वाचशीलच. रविवारी घरी ये. १९८१ चं 'एव्हरी ग्रेन ऑफ सँड' ऐकवतो. श्रद्धा तीच आहे, पण त्यात कुणाला सुनावणं नाही, माणूस स्वतःशीच बोलतोय. ते ऐकूनही वाटलं की हा माणूस नको, तर नको. तुझ्यासमोर पुन्हा लावणार नाही.

बाकीच्यांनी खाली काय ते बिनधास्त लिहा. फक्त "शब्दांकडं कोण बघतंय" हे लिहू नका, त्यावर रात्रभर भांडायची माझी तयारी आहे.