वर्गातल्या सलाईनचा तो फोटो आजचा नाही, २०१२चा आहे

‘चीनमध्ये परीक्षेसाठी पोरांना सक्तीने सलाईन लावतात’ म्हणत एक फोटो पुन्हा फिरतोय. फोटो खरा आहे, पण २०१२चा. हुबेई प्रांतातल्या शिआओगानमधला एका शाळेचा वर्ग. बाकांवर पुस्तकांचे ढीग, डोक्यावर टांगलेल्या बाटल्या. बाटल्यांत अमिनो ॲसिड, मुलं बारावीची, गाओकाओ म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा तोंडावर. दवाखान्यात हेलपाटे नकोत म्हणून वर्गातच सोय केली, सक्ती नव्हती, असं शाळेचं म्हणणं. खुद्द चीनमध्येही तेव्हा टीका झाली. देशभरची प्रथा वगैरे काही नाही.

ताण मात्र खोटा नाही हं. त्याची खूण सलाईनपेक्षा चष्म्यात शोधा: २०१८च्या सरकारी आकडेवारीत तिथल्या उच्च माध्यमिकच्या ८१ टक्के मुलांना लांबचं नीट दिसत नव्हतं.