आजोबांच्या पेट्या आणि ‘स्वार्थ’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या महिन्यात मी अण्णांच्या, म्हणजे आमच्या आजोबांच्या, कीटकांच्या पेट्यांवर लिहिलं होतं. आंजर्ल्याच्या घरी अशा अकरा पेट्या आहेत. त्या एखाद्या संग्रहालयाला द्याव्यात की घरीच राहू द्याव्यात, यावर आम्हा भावंडांत अजून एकमत नाही, एवढाच त्या लेखाचा विषय होता. त्यावर एका वाचकाची लांबलचक प्रतिक्रिया आली. नाव नाही, ‘एक कीटक अभ्यासक’ एवढीच सही. मी सोयीचं तेवढंच उचललं असं नको व्हायला, म्हणून त्यांचं म्हणणं आधी थोडक्यात देतो.

फोटोखाली ‘ॲटलास फुलपाखरू’ लिहिलंय, तो पतंग आहे. कोकणच्या दमट हवेत घरात कीटकसंग्रह टिकत नाही. चिठ्ठ्यांवरची माहिती आत्ताच वहीत उतरवून घ्या. काही फुलपाखरं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत असतात, त्याची चौकशी करा. पेट्यांना ऊन दाखवू नका, कीड दिसली तर फ्रीझरमध्ये ठेवा. आणि शेवटी हे वाक्य : “घराण्याच्या मोठेपणासाठी विज्ञानाचा ठेवा माळ्यावर कुजत ठेवणं याला प्रेम म्हणत नाहीत, स्वार्थ म्हणतात.”

पहिलं मान्य. तो पतंगच. वीतभर पंखांचा तो प्राणी दिवसाढवळ्या पडवीच्या भिंतीला चिकटून बसला की आमच्याकडची पोरं त्यालाही पाकोळीच, म्हणजे फुलपाखरूच, म्हणतात, पण ती सबब झाली. फोटोखालची ओळ दुरुस्त केली आहे. आभार.

आता स्वार्थाचं बोलू.

साहेब (की बाई? सही बघून कळायला मार्ग नाही), अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर होते. कीटक गोळा करायला लागले ते विज्ञानासाठी नव्हे, माडांसाठी. वाडीत गेंड्या भुंगा शिरला होता. पाडेली माडावर चढायचा, शेंड्यातल्या भोकात तारेचा आकडा घालून भुंगा ओढून काढायचा आणि खाली फेकायचा. त्यातला एक चांगला शिंगवाला अण्णांनी काडेपेटीत घालून घरी आणला. मग कलमाच्या खोडातून काढलेलं भिरूड, त्याचा अंगापेक्षा लांब मिशांचा भुंगा, मग हुमणीचे भुंगेरे, चतुर, सोनकिडे. पेट्या गावच्या सुताराकडून फणसाच्या लाकडाच्या करून घेतलेल्या, तळाला भेंडाचे काप, वर काच. यात घराण्याचा मोठेपणा तुम्हाला नेमका कुठे दिसला? भावकीत अण्णांना ‘किडे मास्तर’ म्हणत, आणि ते काही कौतुकाने म्हणत नसत.

मृगाच्या आसपास पडवीत दोरीवर पांढरं धोतर टांगायचं आणि त्यामागे पेट्रोमॅक्स लावायची. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. बाटली धरायचं काम माझं. धोतरावर काय काय येऊन बसायचं ते आज सांगूनही खरं वाटणार नाही. अण्णा सगळं धरत नसत. एका जातीचे दोन झाले की तिसऱ्याला हाताने हलकेच उडवून लावत. परसातल्या पपनसावर ब्लू मॉर्मनच्या अळ्या असत. तेव्हा ते काही राज्य फुलपाखरू नव्हतं, तो मान २०१५ साली मिळाला. आजी त्या अळ्या झाडून टाकायला निघाली की अण्णा तिला हात जोडत. एवढा स्वार्थी माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

माझ्यासमोर आत्ता तिसऱ्या पेटीतली एक चिठ्ठी आहे. बोटाच्या पेराएवढी. टाकाने लिहिलेली, शाई विटकरी झालेली : ‘मुरुड. आषाढ शु. ३, शके १८७९. दिव्यावर.’ म्हणजे १९५७चा पावसाळा. आता मला सांगा, तुमच्या वातानुकूलित संग्रहालयात बसलेल्या माणसाला हे मुरुड कुठलं ते कळणार आहे का? आमच्या दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं, की रायगडातलं जंजिऱ्याचं? मला कळतं, कारण अण्णा तरीने खाडी ओलांडून पुढे पायी जात आणि त्यांचं जग तेवढंच होतं. आईला कळतं. आमच्या पिढीनंतर कुणाला कळेल ते ठाऊक नाही, पण आज ही माहिती आमच्या घरात आहे, संग्रहालयात नाही.

आणि आम्ही दिल्या नाहीत असं नाही. १९९१ साली वडिलांनी दोन पेट्या एका संस्थेला प्रदर्शनासाठी दिल्या होत्या. नाव घेत नाही. सात महिन्यांनी परत आल्या. फुलपाखरं जागच्या जागी होती, चिठ्ठ्या नव्हत्या. कुणीतरी त्या ‘दिसायला बऱ्या नाहीत’ म्हणून काढून टाकल्या होत्या आणि त्याजागी छापील पट्ट्या डकवल्या होत्या : ‘फुलपाखरू’, ‘भुंगा’, ‘चतुर’. चतुराखाली ‘चतुर’! वडील त्या रात्री कंदील घेऊन बसले. कुठला कीटक कुठे, कधी मिळाला ते आठवून आठवून लिहीत होते. एकोणीस आठवले. बाकीचे आता नुसती शोभा. गाव, तारीख, धरणाऱ्याचं नाव गेलं की अभ्यासाच्या दृष्टीने कीटकही गेला, हे अभ्यासकांना मी सांगायला नको. तेव्हा ‘संस्था’ या शब्दापुढे आमच्या घरातले लोक जरा थबकतात ते या अनुभवाने. त्याला तुम्ही एका वाक्यात स्वार्थ म्हणून मोकळे झालात.

३ जून २०२०. निसर्ग वादळ. तुम्ही तेव्हा कुठे होतात मला माहीत नाही, मी आंजर्ल्याला होतो. दुपारी कौलं पत्त्यांसारखी उडायला लागली. आईने आणि धाकट्या भावाने आधी काय हलवलं असेल? पेट्या. माळ्यावरून उतरवून देवघराच्या कोपऱ्यात रचल्या, वर ताडपत्री, आणि ताडपत्री उडू नये म्हणून त्यावर आई स्वतः बसली. टीव्ही भिजला, गाद्या भिजल्या, वाडीतले अर्ध्याहून जास्त माड आडवे झाले, पुढे कितीतरी दिवस वीज नव्हती. एक पेटी भिजली. दहा कोरड्या राहिल्या. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती.

राहता राहिला संग्रहालय म्हणजे अमरपट्टा हा तुमचा समज. दिल्लीचं राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय २६ एप्रिल २०१६ला जळालं. रिओचं राष्ट्रीय संग्रहालय २ सप्टेंबर २०१८ला, त्यात सुमारे ५० लाखांचा कीटकसंग्रह होता, बहुतेक सगळा गेला. (घरालाही आग लागू शकते, हे मला माहीत आहे. कृपया तेवढ्यासाठी दुसरी प्रतिक्रिया लिहू नका.)

म्हणून मी देण्याच्या विरोधात आहे असं नाही. मागचा लेख नीट वाचला असता तर हे दिसलं असतं. बहीण म्हणते पुण्याला आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, तिथे विचारू. मला मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) बरी वाटते, १८८३ पासूनची संस्था आहे. भाऊ म्हणतो एवढ्या लांब कशाला, दापोलीच्या कृषी विद्यापीठात विचारू, कीटकशास्त्राची माणसं आहेत, आणि आईला वाटलं तर एसटीने जाऊन बघून येता येईल. भावाच्या म्हणण्यात मला तथ्य वाटतं. आईला मात्र अजून कुणी सरळ विचारलेलं नाही. दर दिवाळीला ती पदराने काचा पुसते. तिला विचारायला थोडा वेळ लागतोय, आणि तो आम्ही घेणार.

तुमचे बाकीचे मुद्दे. कायद्याचं मी जाणकाराला विचारीन. चिठ्ठ्या उतरवण्याचं बघू, भाची आली की मोबाइलवर फोटो काढायचं ठरलंय, गेल्या गणपतीतच व्हायचं होतं. दमट हवेबद्दल म्हणाल तर कोकणात हवा दमट असते हे कळवल्याबद्दल धन्यवाद. पेट्या इतकी वर्षं टिकल्या त्या चुलीवरच्या माळ्यामुळे. धूर आणि ऊब, दोन्ही. आता चूल नाही, गॅस आहे, हे खरं. काही टाचण्यांच्या मानेशी हिरवी काट चढली आहे, हेही खरं. परवा सातव्या पेटीत एका भुंग्याखाली तपकिरी भुकटी दिसली, रव्याहून बारीक. भिंगातून पाहिलं तर त्यात केसाळ अळीच्या काती होत्या आणि भुंगा हलवला तर आतून पोकळ. असं मधूनमधून होतं. डांबरगोळ्या बदलल्या.

फ्रीझरबद्दल. तुमच्या शहरात फ्रीझर चोवीस तास चालत असेल. आमच्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते याचा हिशोब ठेवणं मी सोडून दिलंय. शिवाय आमच्या फ्रीझरमध्ये मे महिन्यापासून आमरसाचे डबे असतात, विज्ञानासाठी मोकळी जागा नसते. तरीही सातवी पेटी, ती सगळ्यांत लहान आहे, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून मंगळवारपासून आत ठेवली आहे. जेमतेम मावली. चार डबे शेजारी पाठवावे लागले. किती दिवस ठेवायची, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच सोडायची की नाही, हे मात्र तुम्ही एवढ्या लांब प्रतिक्रियेत कुठेच लिहिलेलं नाही. तेवढं कळवा. जमल्यास जरा बऱ्या भाषेत.