चिंच, मीठ, तारेची घासणी: रुळांना यातलं काहीही लावू नका

शनिवारी रात्री नाशिकहून ताईचा फोन आला, माझ्या भाच्याच्या मॉडेल रेल्वेसाठी. "अरे, याचं इंजिन जागचं हलत नाही. नुसतं गुरगुरतंय आणि कंट्रोलरचा दिवा सारखा विझतोय." रुळांना काय केलंस, असं विचारल्यावर तिने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मेसेज मलाच पाठवला. 'मॉडेल रेल्वेचे रूळ दहा रुपयांत वर्षभर चकाचक!' गेल्या महिनाभरात हा मेसेज मला चौथ्यांदा आलाय. आधीच्या तीन वेळा मी गप्प बसलो, त्याचा आता पश्चात्ताप होतोय.

मेसेज म्हणतो, 'रूळ निकेल सिल्व्हरचे असतात, म्हणजे त्यात चांदी असते. म्हणून चिंच-मीठ लावून धुवा.' निकेल सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे, रंग चांदीसारखा म्हणून हे नाव. चिंचेच्या आम्लाने रूळ घटकाभर चमकतो हे खरं. पण तांब्याचं भांडं आपण नळाखाली खळखळून धुतो, प्लायवूडवर खिळलेला रूळ कसा धुणार? खारट पाणी दोन रुळांना जोडणाऱ्या पट्टीत शिरतं आणि तिथेच बसून राहतं. काही दिवसांत तिथे हिरवट गंज धरतो, त्या जोडातून वीज पुढे जात नाही, आणि गाडी रोज त्याच जागी थांबते.

पण ताईच्या घरी खरा घात केला तो दुसऱ्या मुद्द्याने: 'डाग हट्टी असतील तर भांड्यांच्या तारेने घासा.' हे लिहिणाऱ्याने इंजिन कधी उघडून पाहिलेलं नाही. आत छोटी मोटर असते आणि तिच्यात कायमचं चुंबक. घासणीचे केसासारखे लोखंडी तुकडे रुळावर पडतात आणि इंजिन वरून गेलं की चुंबक ते आत ओढून घेतं. तिथे ते गिअरमध्ये अडकतात, नाहीतर शॉर्ट करतात. रविवारी मी नाशिकला गेलो, मोटर उघडली आणि चिमट्याने असे अकरा तुकडे काढले. माझा भाचा शेजारी उभा राहून मोजत होता. दोन वर्षांपूर्वी कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहून आल्यापासून तो या गाड्यांसाठी पैसे साठवतोय. त्याचा चेहरा पाहिल्यावर हा मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाचा राग आला.

घासणीने रुळाच्या माथ्यावर ओरखडेही पडतात आणि त्यांत घाण आणखी घट्ट बसते. भरड पॉलिश पेपरचंही तेच. जुन्या पितळी रुळावर जाड थर चढला असेल, तर रूळ घासायचा खास रबर जपून वापरावा लागतो, एवढं मान्य. पण नव्या सेटला त्याची गरजच नसते.

'सॅनिटायझर सर्वांत उत्तम.' यात अर्धं सत्य आहे. अल्कोहोलने काळं निघतं, मीही कित्येक वर्षं आयसोप्रोपिल अल्कोहोलच वापरत होतो. माझं मत बदललं ते 2019 मध्ये 'मॉडेल रेलरोड हॉबिइस्ट' मासिकात आलेल्या लेखामुळे. रुळावरचा काळा थर म्हणजे नुसती धूळ नाही. चाक आणि रूळ यांच्यामध्ये सूक्ष्म ठिणग्या उडतात आणि त्यातून धातूचं ऑक्साइड तयार होतं. त्या लेखाने द्रावकांची ध्रुवीय (पाण्याशी जमणारी) आणि अध्रुवीय (तेलाशी जमणारी) अशी विभागणी केली आहे. अल्कोहोल ध्रुवीय, त्याने पुसल्यावर ठिणग्यांना आणि काळेपणाला वाव राहतो. केरोसीन, मिनरल स्पिरिट अध्रुवीय, त्यांनी पुसलेला रूळ जास्त काळ स्वच्छ राहतो. घरी करून पाहिल्यावर मला ते पटलं. बाटलीतल्या जेल सॅनिटायझरमध्ये तर घट्टपणासाठी आणि हातांसाठी घातलेले पदार्थही असतात. ते रुळावर मागे राहतात.

'तेलाचं बोट फिरवा.' तेलाचा अगदी पुसट थर काही जण जाणून ठेवतात, हे नाकारत नाही. पण बोटभर खोबरेल तेल लावलं की चाकं घसरतात आणि धूळ चिकटते.

'खरे रूळ कोण पुसतं?' ही तुलनाच चुकीची आहे. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूएपी-7 या विजेच्या इंजिनाचं वजन 123 टन आणि त्याला वीज मिळते वरच्या तारेतून. भाच्याच्या एचओ (खऱ्याच्या 1/87 मापाच्या) इंजिनाचं वजन काही शे ग्रॅम, आणि त्याची 12 व्होल्टची वीज याच रुळांतून, चाकाच्या टाचणीएवढ्या स्पर्शातून येते. तिथे धुळीचा कणही आडवा येतो.

मग करायचं काय? आधी प्लग काढा, खिडकी उघडा, जवळपास गॅस किंवा उदबत्ती नको. लाकडाच्या ठोकळ्याला जुन्या सुती बनियनचा तुकडा गुंडाळा, रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या मिनरल टर्पेंटाइनचे (म्हणजे मिनरल स्पिरिटच) चार-पाच थेंब त्यावर टाका आणि रुळाचा फक्त माथा पुसा. कापड काळं यायचं थांबेपर्यंत बदलत राहा. मग कोरड्या कापडाने पुसून, वास गेल्यावरच वीज सुरू करा. पेट्रोल किंवा थिनर मुळीच नको: आगीचा धोका तर आहेच, शिवाय थिनरने रुळांखालच्या प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या (स्लीपर) विरघळतात. चाकं विसरू नका, ती मळकी असतील तर पुसलेला रूळ दोन फेऱ्यांत पुन्हा काळा होतो. डब्यांची चाकं प्लास्टिकची असतील तर जमेल तशी धातूची करा.

आणि 'वर्षभर' कुणालाच जमत नाही. पावसाळ्यात तर मी दर पंधरा दिवसांनी कापड फिरवतो.

भाच्याचं इंजिन आता चालतंय. गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्याच्या पात्यांखाली मात्र तारेचे तुकडे अजून अडकलेत, ते काढायला पुढच्या रविवारी परत नाशिकला जायचंय. ताईने तो मेसेज ज्या तीन ग्रुपवर टाकला होता, तिथे हे सगळं आजच टाकायला तिला सांगितलंय.